आधी तिकीट द्या, मग अभिमान बाळगा

लिओ वराडकर यांच्यावर महाराष्ट्राचा काडीचाही हक्क नाही. २०१७ च्या जूनमध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि आपल्याकडे एकच गजर सुरू झाला: मराठी माणूस, मालवणी रक्त, कोकणची माती. २९ डिसेंबर २०१९ ला ते मालवण तालुक्यातल्या वराड या आजोळच्या नव्हे, आज्याच्या गावी आले, तेव्हा कॅमेऱ्यांची झुंबड उडाली. सोबत आईवडील होते आणि जोडीदार मॅथ्यू बॅरेट होते. वराडच्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी घरचा माणूस घरी आल्यासारखं स्वागत केलं, जोडीदाराला दाराबाहेर उभं केलं नाही. माझी तक्रार मुंबईत बसून अभिनंदनाची पत्रकं काढणाऱ्या पुढाऱ्यांबद्दल आहे. ज्या गुणांवर वराडकर तिकडे निवडून आले, त्यातला एकही गुण असलेल्या माणसाला या पुढाऱ्यांनी इकडे साधं पंचायत समितीचं तिकीट दिलं नसतं. बाप परदेशातून आलेला, आई दुसऱ्या धर्माची, लग्न नाही आणि प्रेम पुरुषावर. अकोले, संगमनेर, मालवण, कुठल्याही तालुक्याच्या पक्ष कार्यालयात हा बायोडाटा घेऊन जा आणि काय उत्तर मिळतं ते ऐका.

मी अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याचा. धरणाच्या काठावर माझे चार तंबू आहेत, पर्यटक येतात, त्यावर पोट चालतं. जातीने महादेव कोळी. मी समलिंगी आहे. बरीच वर्षं कल्याणला काढली आणि परत आलो. गावात सगळ्यांना माहीत आहे आणि तोंडावर कोणी बोलत नाही. हे सांगितलं कारण पुढचं सगळं मी याच जागेवरून बोलतोय.

वराडकरांचा इतिहास आपल्या लोकांनी कधी नीट वाचलाच नाही, फक्त आडनाव वाचलं. वडील अशोक वराडकर डॉक्टर. ते आधी इंग्लंडला गेले, तिथे आयरिश नर्स मिरियम यांच्याशी लग्न झालं आणि १९७० च्या दशकात कुटुंब डब्लिनला स्थिरावलं. लिओ यांचा जन्म १९७९ चा. शिक्षणाने तेही डॉक्टर, मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी उमेदवारी केली. २००७ साली डब्लिन वेस्टमधून ते आयरिश संसदेत निवडून गेले, २०११ ला मंत्री झाले आणि १८ जानेवारी २०१५ ला, छत्तिसाव्या वाढदिवशी, रेडिओवरच्या मुलाखतीत त्यांनी आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. म्हणजे संसदेत जवळजवळ आठ वर्षं बसल्यावर सांगितलं. चारच महिन्यांनी, २२ मे २०१५ ला, तिथल्या जनतेने सार्वमतात ६२ टक्के मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. आणि हा तोच देश, जिथे १९९३ पर्यंत पुरुषांमधले संबंध गुन्हा होते. ज्या इंग्रजांनी १८६० साली आपल्या गळ्यात कलम ३७७ बांधलं, त्यांनीच पुढच्या वर्षी तसाच कायदा आयर्लंडवरही लादला होता. आयर्लंडने तो १९९३ ला झुगारला. आपल्याला २०१८ चा सप्टेंबर उजाडला, आणि तेही न्यायालयाने केलं. डिसेंबर २०१५ मध्ये शशी थरूर यांनी ३७७ मधून आम्हाला सोडवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडू पाहिलं, तर चर्चा राहिली दूर, ते मांडायचीच परवानगी ७१ विरुद्ध २४ मतांनी नाकारली गेली.

मला वराडकरांचं राजकारण पटत नाही. २००८ साली, स्वतः स्थलांतरिताचा मुलगा असून, बेकार परदेशी कामगारांना पैसे देऊन मायदेशी पाठवावं असं त्यांनी सुचवलं होतं. २०१० साली प्रत्येक मुलाला आई आणि बाप दोन्ही मिळण्याचा हक्क आहे असं ते बोलले, म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरावरच बोट ठेवलं. २०१७ साली सरकारी मदत लाटणाऱ्यांविरुद्ध त्यांनी जी जाहिरातबाजी केली ती गरिबाला चोर ठरवणारी होती. पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीत साध्या सभासदांनी त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला जास्त मतं दिली. वराडकर जिंकले ते आमदार-खासदारांच्या मतांवर, कारण त्या मतांचं वजन ६५ टक्के होतं. मार्च २०२४ मध्ये घटनादुरुस्तीची दोन सार्वमतं आपटली आणि ते पायउतार झाले. हे सगळं मी मुद्दाम मांडतोय. आम्हाला संत म्हणून निवडून यायचं नाही. चुका करायचा, हरायचा, टीका झेलायचा आणि तरी सभागृहात बसायचा जो हक्क २८८ मतदारसंघांतल्या प्रत्येक लग्न झालेल्या पुरुषाला आहे, तोच आम्हाला हवा आहे. वराडकर हरले ते धोरणांवर हरले. त्यांचा जोडीदार कोण, हा मतपेटीतला प्रश्न उरला नव्हता.

आता विधिमंडळाकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स नावाचं राज्य आहे. तिथल्या विधानसभेत सिडनी मतदारसंघाचे आमदार आहेत ॲलेक्स ग्रीनविच. जन्म न्यूझीलंडचा, म्हणजे बाहेरून आलेला माणूस. उघडपणे समलिंगी. कुठल्याही पक्षाचे नाहीत, अपक्ष. २०१२ च्या पोटनिवडणुकीपासून ते निवडून येत आहेत. या माणसाने काय केलं ते ऐका. २०१९ साली गर्भपाताला गुन्ह्यांच्या यादीतून बाहेर काढणारं विधेयक त्यांनी मांडलं आणि ते मंजूर झालं. असाध्य आजाराने पिचलेल्या माणसाला सन्मानाने मरण स्वीकारता यावं यासाठीचा कायदा २०२२ साली झाला, तोही त्यांनीच आणलेल्या विधेयकातून. २०२४ मध्ये समलिंगी आणि पारलिंगी माणसांसाठीच्या कायद्यांमधली दुरुस्ती त्यांनी पार पाडली. म्हणजे आपल्यासाठी एक विधेयक आणि बायाबापड्या, म्हातारेकोतारे, आजारी माणसं यांच्यासाठी दोन. ज्यांना वाटतं की आमच्यातला माणूस आमदार झाला तर दिवसरात्र शय्यागृहाच्याच गोष्टी करेल, त्यांनी हा हिशेब डोळ्यांखालून घालावा.

त्याच राज्याच्या विधानपरिषदेचे एक सदस्य, मार्क लेथम, यांनी मार्च २०२३ मध्ये ग्रीनविच यांच्याबद्दल समाजमाध्यमावर अत्यंत गलिच्छ मजकूर लिहिला. ग्रीनविच कोर्टात गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये संघीय न्यायालयाने अब्रुनुकसानी झाल्याचा निकाल देऊन १ लाख ४० हजार डॉलरची भरपाई ठरवली. घाण फेकली गेली तेव्हा समोर एक नाव होतं, एक चेहरा होता, 'हे माझ्याबद्दल बोललास' असं म्हणणारा एक माणूस होता.

आता मुंबई. २८ डिसेंबर २०२१, विधानसभेचं हिवाळी अधिवेशन. सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातल्या सुधारणेचं विधेयक चर्चेला होतं आणि त्यात समान संधी मंडळावर समलिंगी-पारलिंगी समुदायाला प्रतिनिधित्व देण्याची तरतूद होती. भाजपचे सुधीर मुनगंटीवार उभे राहिले. अशा लोकांना विद्यापीठाच्या मंडळावर घेणार का, असा त्यांचा सवाल होता, आणि बोलता बोलता गोष्ट जनावरांशी संबंध ठेवण्यापर्यंत गेली. हे कुठल्या चावडीवर घडलं नाही. ज्या सभागृहात यशवंतराव चव्हाण बोलले, जिथे रोजगार हमीचा कायदा झाला, त्या सभागृहात घडलं. नंतर बाहेर निषेध झाले, पत्रकं निघाली. पण त्या क्षणी त्या दालनात, २८८ माणसांत, असा एकही सदस्य नव्हता जो जागेवरून उठून म्हणू शकला असता: अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्य ज्यांना जनावरांच्या रांगेत बसवत आहेत, त्यातला एक मी आहे, मला पावणेतीन लाख लोकांच्या मतदारसंघाने निवडून दिलंय, माझ्याकडे बघून पुन्हा बोला.

माझा सगळा लेख या एका न बोलल्या गेलेल्या वाक्यासाठी आहे.

कोणी म्हणेल, सहानुभूती असलेले आमदार आहेत की, ते बोलतील. हे दुसऱ्या कुणाला सांगा, अकोल्याच्या माणसाला सांगू नका. आमचा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. मधुकर पिचड इथून १९८० पासून सात वेळा निवडून गेले, विरोधी पक्षनेते झाले, आदिवासी विकास मंत्री झाले. त्यांच्याशी माझे शंभर मतभेद होते. पण आपला माणूस आत असणं म्हणजे काय, हे या तालुक्याला कुणी शिकवायला नको. ४ ऑक्टोबर २०२४ ला धनगर समाजाला अनुसूचित जमातीत घेण्याच्या विरोधात विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयात संरक्षक जाळीवर उडी मारली. त्यांच्या पाठोपाठ जाळीवर उतरलेल्यांत आमचे आमदार किरण लहामटे होते. सत्ताधारी पक्षाचे आमदार आपल्याच सरकारविरुद्ध मंत्रालयात जाळीवर पडले. त्या मागणीतला न्याय-अन्याय हा वेगळा वाद, धनगर बांधवांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. पण एक सांगा, बिगरआदिवासी आमदारांपैकी कितीही सहृदय माणूस असता तरी त्याने ती उडी मारली असती का? ज्याच्या अंगावर येतं तोच उडी मारतो. बाकीचे निवेदन स्वीकारतात.

धरणाचंही तेच. ब्रिटिशांनी १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण केलं, प्रवरेचं पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहात्याच्या उसाला गेलं. तिथून कारखाने उभे राहिले, कारखान्यांतून पुढारी उभे राहिले आणि पुढाऱ्यांनी पाण्याच्या आवर्तनाचं वेळापत्रक ठरवलं. वरच्या वाड्यांच्या नशिबी उन्हाळ्यात धरण उशाला, कोरड घशाला. बैठकीत ज्याची खुर्ची, त्याच्या शेतात पाणी. हे ज्या जिल्ह्याने शंभर वर्षं पाहिलंय, त्या जिल्ह्यातल्या शहाण्या माणसांनी मला 'प्रतिनिधित्वाने काय फरक पडतो' असं विचारू नये.

फरक कायद्यात पडतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने समलिंगी विवाहाचा प्रश्न कायदेमंडळाकडे टोलवला. विवाहाला मूलभूत हक्क मानायला पाचही जणांनी नकार दिला, आणि दोघांच्या सहजीवनाला कायदेशीर चौकट देण्याच्या मुद्द्यावर आम्ही तीन विरुद्ध दोनने हरलो. ठीक. मग कायदेमंडळात जाऊ म्हणावं, तर तिथे आमचं कोण आहे? विवाह हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्याच्या विधिमंडळालाही त्यावर बोलता येतं, कायदा करता येतो. केंद्राने त्या खटल्याच्या वेळी राज्यांना मत विचारलं, तेव्हा राजस्थान, आसाम आणि आंध्रने विरोध कळवला. महाराष्ट्राने काय कळवलं? वेळ हवा. फुले, शाहू, आंबेडकरांची नावं प्रत्येक भाषणात घेणाऱ्या राज्याने वेळ मागून घेतला, आणि त्या वेळात त्याने काय केलं ते मला दिसत नाही. विधानसभेत विचारायला कोणी नाही, म्हणून उत्तर द्यायची गरजही कुणाला पडली नाही. सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात बदल करणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, त्याबद्दल त्यांचे आभार मी मनापासून मानतो. पण त्या दिल्लीत आहेत आणि त्यांच्याच पक्षाचे लोक गल्लीत याविषयी मूग गिळून बसतात.

आता ते पेटंट उत्तर: 'लोक मत देणार नाहीत.' हे उत्तर मी इतक्या तोंडांनी ऐकलंय की आता ते देणाऱ्याचा मला संताप येतो. लोकांच्या नावावर स्वतःचा भेकडपणा खपवायचा हा धंदा आहे. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचं गाव आहे. २०१७ मध्ये तिथे ज्ञानदेव ऊर्फ माउली कांबळे ही तृतीयपंथी व्यक्ती सरपंच झाली, थेट जनतेच्या मतांनी. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला तृतीयपंथी अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीसाठीचा अर्ज आधी फेटाळला गेला, कारण जागा महिलांसाठी राखीव होती. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना महिला म्हणून लढू दिलं आणि गावाने त्यांना निवडून दिलं. शेजारच्या मध्य प्रदेशात सोहागपूरच्या मतदारांनी तृतीयपंथी शबनम मौसींना थेट विधानसभेत पाठवलं होतं, १९९८ ते २००३ च्या विधानसभेत, जेव्हा आजचे कित्येक पुरोगामी प्रवक्ते शाळेत होते. मला माहीत आहे, तृतीयपंथी असणं वेगळं आणि समलिंगी पुरुष किंवा बाई असणं वेगळं. त्यांचा छळ उघड्यावर होतो, आमचा घराच्या चार भिंतींत. पण ज्या मतदारांना तुम्ही मागास ठरवता त्यांनी या तिघांना निवडताना तुमचा सल्ला घेतला नव्हता. शेतकरी बाई मत देताना बघते ती एवढंच: रात्री-अपरात्री हाक मारली तर हा येतो का, रेशनच्या दुकानात आपल्या बाजूने भांडतो का. नकार जनता देत नाही. नकार तिकीट वाटपाच्या बंद खोलीत दिला जातो.

त्या खोलीत आमच्यासाठी एक वेगळीच सोय काढलेली आहे. आम्हाला प्रवक्ते करतात. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिलं. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादीने प्रिया पाटील यांच्या नेतृत्वाखाली एलजीबीटी सेल काढला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शरद पवारांच्या पक्षाने अनिश गावंडे यांना राष्ट्रीय प्रवक्ता नेमलं, उघडपणे समलिंगी असलेला असा तो पहिलाच. ही माणसं बोलायला खणखणीत आहेत, त्यांचा मला अभिमान आहे. पक्षांना माझा प्रश्न आहे की टीव्हीवर तुमची बाजू मांडायला आमचा माणूस चालतो, मोर्चात आमचा झेंडा चालतो, मग उमेदवारी अर्जावर आमचं नाव का चालत नाही? वंचितने २०२४ च्या विधानसभेला रावेरमधून तृतीयपंथी शमिभा पाटील यांना उभं केलं, पराभव झाला, पण उभं केलं. विधानसभेचं तिकीट. मोठ्या पक्षांनी ते धाडस केलं नाही.

आणि जिथे मतं मागायची भानगडच नाही, तिथे काय झालं? राज्यपालांनी विधानपरिषदेवर नेमायच्या १२ जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांसाठी असतात. २०२० पासून त्या रिकाम्या पडल्या. महाविकास आघाडी सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये नावं पाठवली, राज्यपालांनी दाबून ठेवली, कोर्टकज्जे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, दुसऱ्या सरकारच्या यादीतल्या सात जणांनी शपथ घेतली. दोन्ही सरकारांच्या याद्या काढून बघा. अशोक राव कवी १९८६ साली मासिकात स्वतःच्या नावानिशी उघडपणे बोलले, 'बॉम्बे दोस्त' १९९० मध्ये निघालं, हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये उभा राहिला. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक सुरू केली आणि या विषयावर मराठीत पुस्तकामागून पुस्तक लिहिलं. एचआयव्हीच्या काळात सरकारी यंत्रणा ज्या वस्त्यांत पाऊल टाकायला कचरत होत्या तिथे ही माणसं जात होती. समाजसेवा म्हणतात ती आणखी काय असते? साहित्य म्हणतात ते आणखी काय असतं? मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये आली. नाटकाने जे चार दशकांपूर्वी पाहिलं, ते नेमणुकांच्या याद्या करणाऱ्यांना अजून दिसलेलं नाही.

माझ्या स्वतःच्या अनुभवाचं सांगतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मी एका पॅनलचं काम केलं होतं. याद्या लावल्या, म्हाताऱ्यांना केंद्रावर आणलं, घरकुलाचे अर्ज भरून दिले. पुढच्या खेपेला मी पॅनलमध्ये जागा मागितली. आमच्याकडचे एक जुने कारभारी आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी मला घरी बोलावलं.

तात्या म्हणाले, "तुझं काम चोख हाय, त्यात वाद नाही. पण घरात बाई नाही. हळदीकुंकवाला कोण जाणार? आन् समोरचे पारावर बसून काय काय उठवतील, त्याला तोंड कोण देईल?"

"मी देईन, तात्या."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "तू देशील रं. पॅनलनं का द्यावं?"

तात्या वाईट माणूस नाहीत. माझी आई आजारी होती तेव्हा सगळ्यात आधी गाडी त्यांनीच काढली. म्हणून त्यांचा तो प्रश्न मला जास्त लागला. राज्यातल्या प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक निवड समितीत हाच प्रश्न मनातल्या मनात विचारला जातो आणि उत्तर न देता पुढचं नाव घेतलं जातं. पॅनलनं का द्यावं? कारण ज्याच्या श्रमावर तुम्ही निवडून येता त्याच्यासाठी अंगावर चार शिव्या घेणं ही उपकाराची गोष्ट नाही, देणं आहे. आयर्लंडमध्ये वराडकरांच्या पक्षातल्या ७३ पैकी ५१ आमदार-खासदारांनी नेतेपदासाठी त्यांना मत दिलं. त्यांनाही पारावरच्या गप्पांची भीती असणारच. तिथेही चर्च होतं, तिथेही म्हाताऱ्या मावश्या होत्या. त्यांनी भीतीसकट मत दिलं.

आमच्या तालुक्यातली माणसं कामासाठी बाहेर पडतात, भाताची कापणी झाली की नारायणगावच्या बाजूला मजुरीला जातात, पावसाआधी परत येतात. आमच्यासारखी पोरं मात्र परत न येण्यासाठी जातात. नाशिक, कल्याण, पुणे, बंगळुरू, जमलं तर परदेश. माझ्या तंबूत काजव्यांच्या हंगामात मुंबई-पुण्याची जोडपी येतात, त्यात कधीकधी दोन पुरुष असतात आणि मी न विचारताच 'ऑफिसचे मित्र आहोत' असं सांगतात. एकदा असाच एक जण आला. तंबूत शिरेपर्यंत त्याने हेल्मेट काढलं नाही. नंतर कळलं, पोरगा इथल्याच एका वाडीचा. धरणाच्या रस्त्यावर कणसं भाजून विकणारा त्याचा सख्खा मामा. मामाच्या शेगडीपासून पन्नास पावलांवर तो आपल्या मित्राबरोबर एक रात्र पाहुणा म्हणून राहिला, पैसे देऊन, स्वतःच्या गावात. सकाळी तसाच हेल्मेट घालून गेला. कुणाचा तरी भाचा असा आपल्याच शिवारातून तोंड लपवून जातो, तो परक्या देशात जाऊन मोठा झाला तर आपण त्याच्या आडनावावर पेढे वाटणार. हा अभिमान चोरीचा आहे. श्री ठाणेदार बेळगावातून अमेरिकेत गेले, २०२० मध्ये मिशिगन राज्याच्या सभागृहात आणि २०२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले, तेव्हाही आपण असंच नाचलो. आणि त्याच तोंडाने आपण मुंबईत टॅक्सीवाल्याला, भाजीवाल्याला उपरा म्हणतो. बाहेरून आलेल्याच्या मुलाला डब्लिनने पंतप्रधान केलं याचा आनंद मानायचा असेल, तर बाहेरून आलेल्याच्या मुलाला आपल्या रस्त्यावर कानाखाली मारणाऱ्यांना आधी आवरा.

एक गोष्ट मी स्पष्ट करतो. आजच्या २८८ आणि ७८ जणांत कोण आहे, याचा शोध मला घ्यायचा नाही आणि कुणीही घेऊ नये. वराडकर आठ वर्षं गप्प होते, तो त्यांचा हक्क होता. बोलायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण बोलला तर पुढच्या निवडणुकीत तिकीट कापलं जाणार नाही, ही हमी पक्षाने द्यायची असते, आणि आजवर एकाही पक्षाने ती लेखी दिलेली नाही. तुमच्या जाहीरनाम्यांत आमच्यासाठी 'सन्मान' हा शब्द असतो. त्याच्या जागी मतदारसंघाचं नाव लिहा. पडीक मतदारसंघ नको. जिथे तुमचा उमेदवार निवडून येतो असा द्या, आणि प्रचाराला तुमचे मोठे नेते त्याच्या जोडीदाराशेजारी व्यासपीठावर बसू द्या.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. ग्रामपंचायतीची पुढची निवडणूक लागली की मी तात्यांकडे पुन्हा जाणार आहे आणि जागा मागणार आहे. घरात बाई का नाही, हे पॅनलच्या पहिल्याच सभेत, देवळासमोर, माईकवरून मी स्वतः सांगणार आहे. तात्यांनी नाही म्हटलं तर अपक्ष अर्ज भरीन.